अख्खा भोपळा

परदेशातले माझे शेवटचे बावीस दिवस टर्कीच्या माना कापण्यात गेले. नाताळच्या सुट्ट्या लागलेल्या, शिक्षण संपलेलं, व्हिसा संपत आलेला, आणि गावाबाहेरच्या कत्तलखान्याला माणसं हवी होती. बायोडेटात हे लिहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

पक्षी पायांनी उलटे टांगलेले येतात. आधी वीज सोडलेल्या पाण्यातून, मग मशीनच्या पात्यावरून. पात्यातून जो सुटतो त्याच्यासाठी एक माणूस सुरी घेऊन उभा असतो. तो माणूस मी. डाव्या हाताने डोकं धरायचं, अंगठा जबड्याखाली रोवायचा, मान ताणायची आणि एका झटक्यात सुरी ओढायची. जरा उशीर झाला की पुढे कढत पाणी, आणि त्यात तो जिवंत जातो. पहिल्याच दिवशी एकाचा पंख असा काही तोंडावर बसला की ओठ फाटला. धुताना माझं रक्त कुठलं नि त्याचं कुठलं, कळेना.

आणि आमचं घर कोणतं, तर ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या भटजींचं. बाबा होते तोवर घरात अंडं आलं नाही, ते गेल्यावरही नाही. आईला मी पॅकिंगचं काम आहे म्हणून सांगितलं होतं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत तिचा व्हिडिओ कॉल यायचा.

"ओठाला काय झालं रे?"

"थंडीने फुटला. चिंता नको करू."

"पॅकिंगच ना?"

"हो गं. डिब्बे बंद करतो, बस."

मग ती मला भोपळा दाखवायची. तांबडा, चांगला चार-पाच किलोचा, मी आलो की घारगे करायचे म्हणून घेऊन ठेवलेला. अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. भोपळा म्हणजे थोरला मुलगा, आईने त्याला सुरी लावली तर पोरावर येतं, असं आमच्याकडे मानतात. बाबांच्या मागे तो मीच फोडायचो. मी नसताना ती शेजारच्या काकांना हाक मारायची. "हा मात्र तुझ्याच हातून फोडायचा," ती म्हणाली. मी हात कॅमेऱ्याच्या खाली धरून बसलो होतो. तिला कळू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

आमच्या सुपरवायझरने कपडे बदलताना माझं जानवं बघितलं होतं. हा दोरा कसला, म्हणाला. मीही मूर्ख, सांगून बसलो. त्यानंतर रोज तेच. पुजाऱ्या, आज किती मोक्षाला पाठवलेस? उचलली जीभ लावली टाळ्याला.

शेवटच्या दिवशी एक नर हुकातून निसटून खाली पडला. उठला आणि सरळ माझ्या पोटात घुसला. सुपरवायझर हसत म्हणाला, मंत्र म्हण, ऐकेल तो. मी पक्ष्याचे पाय धरले आणि त्याला लोखंडी खांबावर आपटलं. मग परत आपटलं. मान लोंबायला लागली तरी मी थांबलो नाही, एक पंख तुटून माझ्या बुटावर पडला. मला त्या पक्ष्याच्या जागी सुपरवायझरच दिसत होता. दोघांनी मला मागून धरून ओढलं तेव्हा त्याचं हसणं बंद झालं होतं आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

चार दिवसांनी घरी पोचलो. धुक्यामुळे दिल्लीहून गाडी सहा तास उशिरा आली. मी आंघोळ करून येतो तर आईने स्वयंपाकघरात कागद पसरून त्यावर भोपळा ठेवलेला, शेजारी नवी सुरी.

"फोड बघू."

मी विचार केला नाही, तिथेच चुकलं. डाव्या हाताने देठ धरला, अंगठा खाली रोवला, ताणलं आणि सुरी ओढली. शिवाय चेहरा बाजूला फिरवून डोळे मिटले, रक्त उडू नये म्हणून. भोपळ्याला कुठलं आलंय रक्त.

डोळे उघडले तर आई माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

"पॅकिंग नव्हतं ना ते?"

"नव्हतं."

मग सगळं सांगितलं, खांबाचंही. बरं वाटलं, तेही सांगितलं. ती चिडली असती तर परवडलं असतं. तिने भोपळा किसला, गूळ घातला, घारगे तळले आणि गरम आहेत तोवर खा म्हणाली. मी खाल्ले.

मागच्या आठवड्यात ती पाटणकर बाजारातून पुन्हा अख्खा भोपळा घेऊन आली. मी हात धुऊन पुढे झालो.

"राहू दे."

मला वाटलं, काकांना हाक मारेल. तिने विळी पुढे ओढली, भोपळा दोन्ही हातांनी उचलून पात्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला.