नाव घेऊन पाणी सोड

ती घटना आजही आठवते आणि दर वेळी तिची सुरुवात दोन उपाध्यांच्या भांडणापासून होते. खरे तर ती तिथून व्हायला नको होती. त्याच्या आठ दिवस आधी एक बाई माझ्यासमोर उभी राहून सगळे सांगून गेली होती. मी ऐकले नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

सन तीस ते पस्तीसच्या दरम्यानची ही गोष्ट. मी नाशकात फौजदार होतो. श्रावण चालू होता आणि गोदावरीला मोठा पूर आला होता. एका सकाळी लाकडाच्या वखारीचा एक मालक ओल्या धोतराने धापा टाकत ठाण्यात आला. त्याचा मित्र आणि वखारीतला भागीदार घाटावर आंघोळीला उतरला, पाय घसरला आणि डोळ्यांदेखत वाहून गेला, असे त्याने सांगितले. पायरीवर जोडा, पैरण आणि टोपी मिळाली. मी पंचनामा केला, नदीकाठच्या गावांना वर्दी दिली. प्रेत मिळाले नाही, पण तेवढ्या पुरात ते नवल नव्हते. ही बातमी आणणाऱ्या मित्राचा जबाब चार पाने झाला. रडता रडता त्याला हुंदके आवरत नव्हते. मी आकस्मिक मृत्यूची नोंद करून मोकळा झालो.

वाहून गेलेला माणूस घरातला थोरला. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यानेच वाढवले. मित्र तालमीतल्या दिवसांपासूनचा, थोरल्याचे लग्नही त्यानेच जमवलेले. थोरल्याला मूलबाळ नव्हते. शहराबाहेर आग्रा रोडला लागून दोघा भावांची वडिलार्जित जमीन होती.

तिसऱ्या दिवशी थोरल्याची बायको ठाण्यात आली. माहेर दिंडोरीकडचे. ती रडत नव्हती, हेच मला आधी खटकले.

"साहेब, ते नदीत उतरायचेच नाय," ती म्हणाली. "ल्हानपणी बुडता बुडता वाचलेले. लय भितात पाण्याला. परसातल्या रांजणावर आंघोळ करायचे. माझं एवढं लिवून घ्या."

"बाई, श्रावणाचा दिवस होता, गेला असेल घाटावर. नशिबापुढे इलाज नाही. घरी जा."

"लिवून तरी घ्या."

मी लिहून घेतले नाही. दुःखाच्या भरात माणसे असेच बोलतात, हे माझे त्या वेळचे शहाणपण. उंबऱ्यापाशी ती वळली आणि म्हणाली, "मग मी पण कुकू पुसणार नाय. मढं दाखवा, मग बघू."

प्रेत नव्हते म्हणून धाकट्याने पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन केले होते. दहाव्या दिवशी घाटावर पिंडदान झाले. अकराव्या दिवशी सकाळी मी डायरी चाळत होतो, तोच एक म्हातारे क्षेत्रोपाध्ये काखेत जाडजूड वही मारून आत शिरले.

"फौजदारसाहेब, दरोडा पडला!"

"कोणाच्या घरी?"

"घरी कशाला? भर घाटावर! माझा पिढीजात यजमान पळवला! त्या वाहून गेलेल्याचं दहावं काल दुसऱ्यानं केलं!"

नाशकात हे नवे नव्हते. कोणत्या घराण्याचे विधी कोणी करायचे ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्यात कोणी हात घातला की सोवळे-ओवळे बाजूला ठेवून माणसे हातघाईवर येतात. असली तक्रार माझ्याकडे महिन्याला एक तरी यायची. दोघांना समोरासमोर बसवून मिटवावे म्हणून मी शिपाई पाठवून दुसऱ्या गुरुजींना बोलावले. ते आले आणि ठाण्याचा मासळीबाजार झाला.

"मी कोणाला पळवले नाही," दुसरे गुरुजी ओरडले. "तो धाकटा आपल्या पायांनी माझ्याकडे आला. मयताचे नाव-गोत्र सांगितले, पुतळ्याच्या दहनापासून सगळा विधी मी त्याच नावाने केला. बस!"

मी सहज विचारले, "काय नाव सांगितलं?"

त्यांनी नाव सांगितले. म्हाताऱ्यांचा हातवारा जागीच थांबला. त्यांनी वही उघडली, बोट ओले करून पाने उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले. ते नाव थोरल्याचे नव्हतेच. ते होते त्या भावांच्या चुलत्याचे, प्लेगात निपुत्रिक गेलेल्या. त्याचे क्रियाकर्म म्हाताऱ्यांनीच केले होते आणि खाली थोरल्याची सही होती.

"एका माणसाचं दहावं दोनदा? हे कोणत्या शास्त्रात बसतं?" ते दुसऱ्या गुरुजींवर धावून गेले.

शास्त्राकडे माझे लक्ष नव्हते. मी वहीतले ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होतो. ओळखीचा उपाध्या टाळून, घरची माणसे ठाऊक नसलेल्या गुरुजीकडे जाऊन, भावाच्या जागी मेलेल्या चुलत्याचे नाव धाकट्याने का सांगावे? जिवंत माणसाच्या नावाने पिंड दिला तर तो खरोखर मरेल, या भीतीनेच. मला फसवताना त्याला काही वाटले नव्हते.

धाकट्याला मी पकडून आणले नाही. मयताच्या कागदावर एक सही राहिली आहे, असा निरोप पाठवला. तो आला. डोक्याची हजामत ताजी, चेहरा उतरलेला. मी नावाबद्दल विचारले.

"गुरुजींची गफलत झाली असंल, साहेब. घाटावर गर्दी होती."

मी आवाज चढवला नाही. चढवलेल्या आवाजाने माणूस घट्ट होतो, असा माझा अनुभव आहे. टेबलावर ताम्हन, तांब्याभर पाणी आणि काळे तीळ ठेवले होते. दुसऱ्या गुरुजींना मी आत बोलावले.

"गफलत झाली तर दुरुस्त करू," मी म्हणालो. "तीळ हातात घे. थोरल्याचं नाव घेऊन पाणी सोड आणि घरी जा."

त्याने तीळ घेतले. गुरुजींनी ओंजळीत पाणी ओतले. त्याचे ओठ हलले, नाव काही निघेना. बोटांतून पाणी टेबलावर ठिबकू लागले. अखेर त्याने ओंजळ मोडली.

"जित्या माणसाला पाणी कसं सोडू, साहेब?"

मग सगळे बाहेर आले. मुंबईच्या एका गिरणीवाल्याला ती जमीन हवी होती. थोरला विकायला तयार नव्हता. तो गेला तर जमीन सरळ धाकट्याकडे यायची, कारण त्या काळच्या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेला पोटगीपलीकडे काही मिळत नसे. हे गणित मित्राने धाकट्याच्या डोक्यात भरवले आणि आपला तिसरा हिस्सा ठरवून घेतला. लाकूड बघायच्या निमित्ताने थोरल्याला हरसूलच्या रानातल्या एका खोपीत नेऊन डांबले. पूर आला, तशी मित्राने त्याची पैरण, टोपी आणि जोडा घाटावर नेऊन ठेवला आणि थोरला रानातून परतून थेट आंघोळीला उतरला, असे घरी सांगितले.

"खरेदीखत परवा हाय," धाकटा म्हणाला. "खत झालं की सोडू म्हणाला होता."

"सोडल्यावर थोरला गप्प बसला असता?"

त्याने हाताला चिकटलेले तीळ ताम्हनात झटकले. "ते मी इचारलंच नाय."

मित्र त्याच सकाळी हरसूलकडे गेला होता. का, ते मला विचारावे लागले नाही. आम्ही लॉरीत बसलो. मी, जमादार आणि चार शिपाई. त्र्यंबकच्या पुढे चिखलाने दोनदा चाके रुतली. हरसूलपासून पुढे पायीच जायचे होते. तिथे कोकणा जमातीचा एक आदिवासी म्हातारा वाट दाखवायला आला.

"तो लाकूडवाला त्या खोपीत वाघ आहे सांगत," तो चालता चालता म्हणाला. "कोणी जायचं नाही सांगत. पण साहेब, वाघाला रोज भाकर कोण नेतो?"

जमादाराला एवढ्या घाईतही हसू फुटले.

दिवस मावळायच्या आत आम्ही पोहोचलो. मित्र खोपीबाहेर उभा होता, हातात कुऱ्हाड. त्या रानात कुऱ्हाड सगळ्यांच्याच हातात असते, पण ही ताजी परजलेली होती.

"साहेब, इकडं कुठं?" त्याने हसून विचारले.

जमादार पुढे झाला. कुऱ्हाड काढून घेतली आणि त्याला चिखलात पालथा पाडला.

आत अंधारात थोरला बसला होता. दाढी वाढलेली, पायाला ओंडके ओढायची साखळी. माझा गणवेश बघून त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"धाकटा कुठाय? त्याला पण धरलं का ह्यांनी?"

मी त्याच्याजवळ खाली बसलो. म्हणालो, "त्याला तुझ्या नावानं पाणी सोडायला सांगितलं होतं. त्याच्यानं झालं नाही." पुढचे त्याला लॉरीत हळूहळू सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी रविवार कारंज्याला आली, तर रस्ता माणसांनी फुलून गेला होता. कोणी गुलाल उधळत होते, कोणी नुसतेच थोरल्याच्या पायाला हात लावून बघत होते. मला नोकरीत बढत्या मिळाल्या, बक्षिसे मिळाली, पण त्या सकाळसारखी छाती पुन्हा कधी फुगली नाही. दोन्ही उपाध्ये गर्दीत हजर होते. दहावे चुलत्याच्या नावाने झाले, तेव्हा थोरल्याला पुन्हा जिवंत करायचे विधी लागत नाहीत, यावर त्यांचे चक्क एकमत झाले. मग आभाराची पूजा कोणी सांगायची, यावरून लगेच जुंपली.

बायको दारात उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. डावा हात मोकळा होता, उजव्या हातात हिरव्या बांगड्या. दहाव्याला नात्यातल्या बायकांनी एका हाताच्या बांगड्या फोडल्या. दुसरा हात तिने पदरात आवळून धरला, तो चौघींनाही सोडवता आला नव्हता. तिने नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितले आणि मग तिचा बांध फुटला.

डोळे पुसून ती माझ्याकडे वळली.

"साहेब, आता तरी लिवा."

मी तिथेच ओसरीवर बसलो आणि तिचा जबाब लिहून घेतला. पहिली ओळ तीच होती, जी तिने नऊ दिवसांपूर्वी सांगितली होती.

मित्राला मोठी शिक्षा झाली, धाकट्याला त्याहून कमी. थोरला दर महिन्याला त्याला तुरुंगात भेटायला जाई. जमीन विकली गेली नाही.

हाव माणसाच्या हातून काय करवते ते मी नोकरीभर पाहिले. पण ती पोहोचत नाही असा एखादा कोपरा बहुतेक माणसांत शिल्लक असतो, आणि तपास करणाऱ्याने तो शोधावा, हे मला धाकट्याने शिकवले. दुसरा धडा त्या बाईचा. त्यानंतर मी वीस वर्षे नोकरी केली. ठाण्यात आलेले कोणीही "लिहून घ्या" म्हणाले की मी आधी टाक उचलला, मग तोंड उघडले.