हात सैल सोड

"हात सैल सोड गं, आणि जीभ पण." बांगड्या भरताना ती हे म्हणायचीच. पोरीची मूठ दाबून हिरवी काच अशी अलगद वर सरकवायची की तिला कळायचंही नाही. तुमच्याही गावात अशी एखादी कासारीण येऊन गेली असेल. आमच्याकडे, आंबेगाव तालुक्यात, ती जुन्नरच्या बाजारातून यायची, एसटीनं, टोपली मांडीवर घेऊन. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते.

हात तिच्या हातात, म्हणजे पळायची सोय नाही. मग हळूच विचारायची, "सासरच्या मतदार यादीत नाव लागलं का?" नव्या सुनांची नावं माहेरी राहिलेली, नाहीतर कुठंच नाहीत. पोरगी लाजली की हिचं सुरू. "लगीन करून आलीस, अन् मत तेवढं माहेरी ठेवलंस व्हय? आधी नाव लाव, मग दुसरा हात भरते." आणि खरंच, एक हात मोकळा ठेवून निघून जायची. आता नवी सून एका भुंड्या हातानं गावात कशी फिरवायची? सासवा चडफडत, पण नाव लावायला त्याच धावत. मीही धावले.

माझी सून जुन्नरला बारावी झालेली, पण घरात तोंड उघडायची नाही. कासारणीला मात्र सांगत बसायची, हवा तापत चाललीय, पाऊस वेळ सोडून पडतोय, झाडं गेली की झराही जाईल. कासारणीला त्यातलं निम्मं कळायचं नाही. "मला कशाला सांगतीस? मी काय झाडं तोडते? तोडणाऱ्यांना सांग की."

आणि तोडणारे होतेच. झऱ्यावरची गायरानातली जुनी जांभळं विकून देवळापुढं मंडप घालायचा, असं पुढाऱ्यांनी ठरवलं होतं. ग्रामसभेत हात वर करून घेणं तेवढं बाकी. उन्हाळ्यात आमच्या वस्तीच्या घागरी त्या एकाच झऱ्यावर भरायच्या.

सभेला बायका मागं, भिंतीला टेकून. कासारीण बाहेर पायरीवर. सरपंच म्हणाले, "पोरींनो, जावा घरी, भाकरी करपतील."

पायरीवरून आवाज आला, "करपू द्या राव. रान करपण्यापरीस बरं."

सगळे हसले. त्या हसण्यातच माझी सून उभी राहिली. पदर खोचून म्हणाली, "मंडप पुढंमागं बांधता येईल. झरा न्हाई बांधता येत."

झाडं ठेवायची कुणाकुणाला, असं सरपंचांनी विचारलं, आणि मागून किणकिण उठली. हिरव्या काचांचे एवढे हात एकदम वर गेले की पुढचे पुरुष वळून बघायला लागले. मग त्यांच्यातलेही काही हात वर गेले. "ह्या पोरींची नावं तरी हायेत का गावात?" कुणीतरी कुरकुरलं. ग्रामसेवकानं यादी चाळली. एकूणएक होती.

झाडं राहिली.

मी सांगायला बाहेर धावले. ती दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसलेली.

"मावशी, हात का लपवलेत?"

"माझं नाव जुन्नरात. चुकून वर गेला असता तर तुमची मोजणी बिघडली असती." डोळे भरलेले, आणि हसत होती.

पुढं तिचे गुडघे गेले, येणं थांबलं. मग ती गेल्याचं एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं.

सून आता सभेत पुढं बसते. झऱ्यावर गावातली नवी पोरगी भेटली की घागर खाली ठेवून आधी तिचा हात हातात घेते. वर जांभळं लगडलेली असतात. मी पाणी भरता भरता ऐकते, "नाव लागलं का गं?"