उलटा लोड

वायरमन काका खुर्चीला कधी पाठ टेकून बसत नसत. तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस. पाय जमिनीवर असले तरी एका हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली असायची. वडीगोद्रीला रस्त्यालगत माझा संगणक वर्ग होता, सहा मशीन आणि इंटरनेटची एक लाइन. रिटायर झालेले काका रोज साडेपाचला यायचे आणि चार नंबरच्या मशीनवर एका परक्या शहराचा टीव्ही बघायचे.

त्यातल्या भाषेचं त्यांना अक्षरही कळत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष आखातातल्या त्या शहरात वेल्डर होता. शुक्रवारी त्याचा फोन यायचा, पण बापलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'जेवलो' यापुढे सरकत नसे. म्हणून मीच शोधून एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यावर त्या शहराचं छोटंसं चॅनल लागायचं. पुढच्या शुक्रवारी काका माझ्यासमोरच फोनवर ऐटीत म्हणाले, "काल तुमच्याकडं धुळीचं वादळ आल्तं न्हवं? तोंडाला रुमाल बांधत जाय." संतोष चांगली पंधरा मिनिटं बोलला. त्या दिवशी काकांनी मला चहा पाजला. एरवी ते स्वतःच्या अर्ध्या कपातही कुणाला वाटेकरी करत नसत.

चित्र मात्र सारखं अडकायचं. मी समजावलं, "काका, यात जो बघतो त्याच्याकडूनच चित्राचे तुकडे दुसऱ्याकडे जातात. बघणारे वाढले की चित्र सुधारतं."

"म्हंजे हा उलटाच लोड झाला की! आपल्याकडं एका डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर पाण्याच्या धा मोटारी टाकल्या तर एक बी फिरत न्हाई. अन् हितं माणसं वाढली की व्होल्टेज वाढतंय?"

एकदा पटलं ते असं पटलं, की दुसऱ्या दिवशी माझी पाठ वळताच त्यांनी सहाही मशीनवर तेच चॅनल लावलं. लाइन एकच, त्यामुळे होतं ते चित्रही थिजलं. मी चांगलीच वैतागले. मग ते दवाखान्यात, बियाण्याच्या दुकानात, मोबाइलवाल्याकडे, जिथे जिथे वेगळी लाइन होती तिथे गेले. "बघू नका, निस्तं चालू ठेवा." भर पावसात खांबावर चढून ज्याने घरात उजेड केला, त्याला नाही कोण म्हणणार? खरंच किती फरक पडला देव जाणे. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा असे, तो सोळाचा एकोणीस झाला की काकांचा चेहरा उजळायचा.

मग एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. काकांनी लावला तर कुणी उचलेना. काका दुपारपासूनच येऊन बसू लागले. बातम्यांत रस्ता दिसला की स्क्रीनला नाक लावत. "मॅडम, ह्यो निळ्या डांगरीतला पोरगा जरा थांबवता येतो का?" थांबवता येत नव्हता. एके दिवशी वर्गात परीक्षा होती. मी दारातूनच म्हणाले, "आज मशीन रिकामं नाही काका, उद्या या." "बराबर हाये, बराबर हाये," म्हणत ते आल्या पावली परत गेले.

त्याच संध्याकाळी संतोषच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. संतोष कामावर उंचावरून पडला होता. बारा दिवस बेशुद्ध होता आणि सकाळी गेला. बाप तीस वर्षांत एकदाही खांबावरून पडला नाही, हे जो तो बोलून दाखवत होता. मला ते ऐकवत नव्हतं. त्या दिवशी चॅनलवर काही दिसलं नसतं, हे मला कळतं. तरी ते 'उद्या या' अजून टोचतं.

शवपेटी यायला तीन आठवडे लागले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी काका साडेपाचला दारात उभे. माझी मान वर होईना. त्यांनी चार नंबरवर चॅनल लावलं, खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ केली आणि पहिल्यांदाच मागे टेकून बसले.

"बंद करू का, काका?"

"न्हाई. मला बघायचं न्हाई. पण आपून बंद केलं तर फुडच्याचं चित्र तुटंल. तितं अजून लोकांची लेकरं हायेत. त्यांचे बाप बघून राह्यले असतील."

असे ते दोन वर्षं येत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात गेले. दुकानदारांनी चॅनल केव्हाच बंद केलं होतं, मी मात्र साडेपाचला लावत राहिले. हळूहळू लोक मोबाइलवरच सगळं बघू लागले आणि आकडा घसरत गेला. नऊ, पाच, शेवटी दोन. त्या दोनातली एक मी. दुसरा कोण, कुठला, कुणाचा बाप, कधीच कळलं नाही.

वर्गही चालेना. सामान आवरून जालन्याला निघाले, त्या संध्याकाळी पाच मशीन टेम्पोत चढली होती आणि चार नंबर सुरूच होतं. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. आकडा अजून दोनच होता. त्या माणसाला सांगायची काही सोय नव्हती. 'उद्या या' एवढंही म्हणता येत नव्हतं. मी स्क्रीनकडे पाठ केली आणि हात मागे नेऊन बटण दाबलं.