विमलकाकू आणि समाजमंदिरामागची बाग

विमलकाकू आज सकाळी गेल्या.

रडायलाही अंगात जोर नाही, म्हणून लिहीत बसलेय.

काकू आमच्या शेजारच्या. नात्यानं माझ्या कोणी नाहीत. पण वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरजवळच्या आमच्या छोट्या गावात बायकांचा परसबाग गट आहे, तो त्यांनी सुरू केला.

समाजमंदिराच्या मागे उकिरडा होता. प्लॅस्टिक, फुटक्या काचा, काय नव्हतं तिथे.
काकू एकट्याच फावडं घेऊन भिडल्या. लोक हसले. मग हळूहळू चार बायका गेल्या. मग अजून काही.

मी त्यात नव्हते. मी तेव्हा घराबाहेरच पडत नव्हते.
सासूबाईंना लकवा झालेला. त्यांचं सगळं अंथरुणात. मिस्टर वावरात आणि मी त्या एका खोलीत. आज कोणता वार आहे हेही कळायचं नाही.

एक दिवस काकू दारात उभ्या.

"ज्योती, एक तास बागेत ये."

"अन् आईजवळ कोन बसन, काकू?"

"पाळी लावली हाये आमी. आज मंदा बसते, उद्या मी बसतो. चाल, चप्पल घाल."

गेले. वाफ्यात मेथी टाकली. एकीच्या नणंदेचा कुठलातरी किस्सा ऐकला, हसले.
घरी आल्यावर लक्षात आलं, किती दिवसांनी हसले ते.

गटाचा काय फायदा, असं लोक विचारतात. आम्ही भाजी दाखवतो. चवळी, अंबाडी, दोडके, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. उन्हाळ्यात बाजारातून सुकलेली जुडी आणणं बंद झालं. अंगणवाडीच्या खिचडीत पालक जायला लागला. दरवर्षी बियाणं घरचंच, एकमेकींना वाटलेलं.
खरंय सगळं. पण मला विचाराल तर तो एक तास. बाकी सगळं त्यानंतर.

पहिल्याच उन्हाळ्यात हापशी आटली. बाग वाळायला लागली.
जवळ पाणी एकाच विहिरीला होतं. सिंधूकाकूंच्या.

सिंधूकाकू म्हणजे विमलकाकूंची सख्खी धाकटी जाऊ. घराच्या वाटणीवरून दोघींचं बोलणं बंद होतं. लग्नकार्यातसुद्धा एक या कोपऱ्यात, दुसरी त्या.

काकू रिकामी बादली घेऊन निघाल्या. आम्ही मागे, जरा लांबच थांबलो.

"सिंधू, पाणी पायजे. माह्या घरासाठी नाई मांगत. बागेसाठी."

सिंधूकाकूंनी त्यांच्या हातातली बादली घेतली.

"न्या पाणी," त्या म्हणाल्या. "पन मले बी एक वाफा द्या."

"तुले वाफा कायले? तुह्याकडं त येवढं वावर हाये."

"वावरात बोलाले कोनी नसते, बाई."

काकूंनी त्यांना आपल्या शेजारचाच वाफा दिला. तेव्हापासून दोघी रोज भांडायच्या. पाणी जास्त झालं, आळं वाकडं झालं, कशावरूनही. पण भांडायच्या. म्हणजे बोलायच्या.

मग काकूंची किडनी गेली.

डायलिसिस सुरू झालं. मुलं पुण्यात, ती तरी किती वेळा येणार. सिंधूकाकू स्वतःहून म्हणाल्या, मी जातो. दोघी ऑटोनं जऊळक्याला, तिथून रेल्वेनं वाशीमला. संध्याकाळी परत. पुन्हा दोन दिवसांनी तेच.

डॉक्टरांनी पालक बंद केला. टमाटे बंद. पाणी मोजून.

"मंग मी खाऊ काय, ढोरावानी सोयाबीनचं कुटार?" काकू म्हणाल्या होत्या.

तरी बागेत यायच्या. कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायच्या. दुसऱ्यांसाठी सांबार खुडून द्यायच्या आणि बोटांचा वास घेत राहायच्या.

पंधरा दिवस झाले असतील. जऊळक्याच्या स्टेशनवर गाडी आली आणि काकू बाकावरून उठल्याच नाहीत. हे मला सिंधूकाकूंनी सांगितलं.

"चाला बाई, गाडी सुटून राह्यली."

"सुटू दे."

"काहून असं करता?"

"थकली मी, सिंधू. घरी चाल."

गाडी गेली. दोघी ऑटोनं घरी आल्या. मुलांना फोन झाले. मुलं आली, समजावून थकली. आम्हीही समजावलं. मी तर त्यांच्या पायाशी बसून रडले.

"तू रोज आजारी मानूस पाहतं," काकू मला म्हणाल्या. "तुले त समजाले पायजे."

समजत होतं. त्यानंतर मी त्यांना समजावलं नाही.

सिंधूकाकू आपलं अंथरूण घेऊन विमलकाकूंच्या घरी राहायला आल्या. एका दुपारी पालकाची भाजी केली, लसणाची फोडणी देऊन.

"खा आता. कायचं परेज-पथ्य."

काकूंनी दोन घास खाल्ले.

"मीठ कमी हाये," म्हणाल्या.

आज सकाळी त्या उठल्या नाहीत. त्रास झाला नाही म्हणतात. तसंच असू दे.

ऊन उतरल्यावर आम्ही सगळ्या बागेत जमलो. कोणी बोलावलं नव्हतं. कोणी कामालाही हात लावला नाही. पुढे गटाचं कोण बघणार, हा विषय निघाला आणि तिथेच राहिला. सगळ्याच थकलोय.

सिंधूकाकू बांधावर बसून होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या,

"ज्योती, मले भांडाले कोनी नाई राह्यलं आता."

मी नुसता त्यांचा हात धरला.

काकू, निवांत पडा आता.
गटातल्या सगळ्या जणींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.