ओलीचा फोटो

भिंतीवरची काळी बुरशी मी घावनाच्या उलथन्याने खरवडली आणि उलथनं धुऊन परत जागेवर अडकवलं. बायको दारातच उभी होती. तिने ते काढून कचऱ्यात टाकलं. म्हणाली, "पुढचं घावन त्या मायक्रोस्कोपखाली भाजा."

मी एका कॉलेजात स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवतो. शास्त्रज्ञ नव्हे, चालक. रिक्षाला असतो तसा. मुलं जवळच्या नंदाखाल गावातल्या वाड्यांतून केळीची पानं आणतात, नारळाच्या खोडावरचे शैवाक, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, आणतात. पानावरची श्वासाची बारीक तोंडं पडद्यावर आली की मुलं गप्प होतात, आणि जणू ती मीच पाडली अशा थाटात मी बसतो.

मनवेलपाड्यातल्या आमच्या बेडरूमची भिंत मात्र वर्षभर ओली. तिच्यावर वरच्या फ्लॅटमधल्या काकांचं बाथरूम आहे. त्या खोलीत झोपलं की बायकोला खोकला सुटतो, म्हणून दोन वर्षं ती हॉलमध्ये सतरंजीवर झोपते आहे. काका प्लंबरला दारात उभं करत नाहीत. "टाइल्स फोडू देणार नाही," म्हणतात आणि दार लावतात. त्यांच्या कुंड्यांचं पाणी नेमकं आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं. मीही रविवारी सकाळी सहाला मिक्सर फिरवतो, रिकामाच.

तेव्हा ठरवलं, आता पुरावाच द्यायचा. खरवड कॉलेजात नेली. यंत्राच्या पोटातली हवा काढून टाकतात, तिथे ओला नमुना चालत नाही. म्हणून दोन दिवस ती कडकडीत वाळवली, चिकटपट्टीवर बसवली, वर सोन्याचा पातळ थर चढवला. पडद्यावर धाग्यांचं रान उभं राहिलं, त्यावर बीजाणूंच्या माळा. असा सुंदर शत्रू मी पाहिला नव्हता. मोठा फोटो छापून घेतला.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये होती. मी फोटो एका गाडीच्या काचेला टेकवून उभा केला. दोघीतिघी मागे सरकल्या. मला बरं वाटलं.

"ही आमच्या भिंतीवरची बुरशी," मी म्हणालो. "ओल असल्याशिवाय ही वाढत नाही."

काका खुर्चीतून उठले नाहीत. "अहो सायंटिस्ट, भिंत कुणाची?"

"आमची."

"मग घाण कुणाची?"

मागे कुणीतरी हसलं.

"घाणीचा प्रश्न नाही काका. पाणी तुमच्याकडून येतंय."

"बरं. ह्या फोटोत पाणी कुठे आहे ते दाखवा."

मी फोटोकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. कुणी नमुन्याबद्दल विचारलं की तोंडातून खरं तेच निघतं. "पाणी दिसणार नाही. नमुना वाळवूनच घ्यावा लागतो."

"म्हणजे कोरडा होता."

"मी वाळवला म्हणून कोरडा."

"कोरडा होता," काका सेक्रेटरींकडे वळले. "लिहा साहेब. ह्यांच्याच तोंडचं आहे."

सेक्रेटरींनी लिहिलं. मी आवाज चढवून निर्वात म्हणजे काय ते समजावायला लागलो, तोवर विषय पाण्याच्या टँकरवर गेला होता. काका जाताना फोटोपाशी थांबले. "फ्रेम करा. तुमच्या घरात शोभेल." मी त्यांना जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेही सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

वर आलो. बायको सतरंजी झटकत होती. मी सगळं सांगितलं, निर्वातासकट. तिने मधे दोनदा खोकून घेतलं, पण माझं बोलणं तोडलं नाही. मग म्हणाली, "सगळी सोसायटी खाली जमली होती. फोटो कशाला दाखवलात? वर आणायचं सगळ्यांना आणि म्हणायचं, लावा भिंतीला हात."