सासऱ्यांची सकाळची नाडी

डिचोली तालुक्यात आजवर जितकी माणसं सकाळी उठली असतील, त्यांत माझ्या सासऱ्यांइतकं विचारपूर्वक कुणीही उठलेलं नसेल. मुळगावच्या आमच्या घरात त्यांची नाडी मोजून झाल्याशिवाय दिवस सुरूच होत नसे. खाणीच्या कचेरीत कामगारांची हजेरी घेण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीच्या सुमारास त्यांना एकदा घेरी आली. डॉक्टरांना तपासून काही सापडलं नाही. जाता जाता ते एवढंच म्हणाले, की सकाळी उठायच्या आधी, पडल्या पडल्या नाडी बघत जा. नेहमीपेक्षा वाढलेली राहू लागली तर या. डॉक्टर बोलून विसरलेही असतील. पण जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या माणसाला आता स्वतःच्या काळजाची हजेरी घ्यायला मिळत होती, ती संधी ते सोडतात होय!

मी कोरगावहून लग्न होऊन आले ती थेट ह्या नाडीच्या वेळच्या शांततेत. पहिल्याच सकाळी नारळ खवायला बसले, तर सासूबाई तोंडावर बोट ठेवून, थांब म्हणत पुढ्यात उभ्या. "राव गो बाय, तांची नाडी धरल्या." नारळ तसाच हातात धरून मी बसून राहिले. घरात कोंबडा तेवढा कुणाला जुमानत नसे. तो एका शनिवारी दिसेनासा झाला, आणि रविवारच्या रश्श्याबद्दल मी नव्या सुनेला शोभेल इतपतच चौकशी केली. पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही सासऱ्यांनी बजावलं, की आमच्या वाड्यात भोंपू वाजवायचा नाही, दचकायला होतं. पोदेर भला माणूस. तो मुकाट्याने सायकल ढकलत जाऊ लागला, आणि तो कधी येऊन गेला हे न कळून अख्खा वाडा कोरडा चहा पिऊ लागला.

पाहुण्यांचीही सुटका नव्हती. निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आले. त्यांनी नमस्काराला जोडलेल्या हातांपैकी एक सासऱ्यांनी सोडवून घेतला आणि त्यांना आरामखुर्चीत आडवं केलं. "आदीं मात्शें विसव घेयात, मागीर उलोवया." धावपळीतली नाडी खरी नव्हे, विसाव्यातली खरी, हे ते प्रत्येकाला समजावून सांगत. उमेदवार इतके दमलेले होते, की त्यांना तिथेच झोप लागली. कार्यकर्ते अंगणात ताटकळत उभे. "नाडी बरी आसा," सासरे त्यांना म्हणाले, "पूण मनीस निवडून येवचो ना." आणि तसंच झालं.

स्वतःची नाडी स्वतः मोजायची नाही, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. "आपली नाडी आपणें मेजली जाल्यार ती लजता." म्हणून शेजारचे मास्तर रोज उजाडता उजाडता मधला दगडांचा गडगा ओलांडून येत. मास्तर सासऱ्यांची मोजत, मग बाकावर आडवे होऊन आपली मोजून घेत. सासऱ्यांचा आकडा ठरलेला, सत्तर. तो ऐकला की दोघे मिळून चहा पीत.

आणि मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. मास्तर मराठीचे, सासरे कोंकणीचे. गंमत म्हणजे मास्तर मराठीची बाजू तावातावाने कोंकणीत मांडायचे, आणि सासरे कोंकणीची बाजू छापील मराठीत. एका संध्याकाळी शब्दाला शब्द लागला आणि सासऱ्यांनी छापील मराठी सोडून उद्यापासूनचा हुकूम सांगून टाकला, "फाल्यांसावन म्हजी नाडी तुज्या हाताक मेळची ना." मास्तर गडगा ओलांडून गेले ते परत आले नाहीत.

नाडी मोजायचं काम सासूबाईंकडे आलं. त्या मध्येच बाजाराची आठवण होऊन "माशांक कोण वता?" विचारत आणि आकडा विसरत. मग ते माझ्याकडे आलं. सत्तर काही केल्या येईना, रोज वरच. सासरे कारण शोधू लागले. चहा असेल म्हणून चहा सोडला. झोप कमी पडत असेल म्हणून दुपारीही झोपू लागले. उकाडा असेल म्हणून पाणी वाढवलं, ताप असेल म्हणून थर्मामीटर आणलं. लोणचं गेलं, पेपर गेला. डॉक्टरांनी विचारलं, मनाला काही लागलंय का? "कांयच ना," सासरे म्हणाले. रोग काय तो घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होता. पण माणूस दिवसेंदिवस उतरत चालला होता आणि मला खरंच भीती वाटू लागली होती.

शेवटी मीच गडगा ओलांडला. मी बसायच्या आधीच मास्तरांनी विचारलं, "कितली आसा ताची?"

"पडून सुद्दां धांवता, मास्तर. चाय सोडली, लोणचें सोडलें, पेपर सोडलो. आतां फकत आमकां सोडपाचीं उरल्यांत."

दुसऱ्या सकाळी मास्तर आले. सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि हात इकडे पुढे केला. मास्तरांनी घड्याळ लावून मोजलं. "वाडल्या." "आतां तुजी," सासरे म्हणाले. मास्तरांची याहून वाढलेली निघाली. ते कळल्यावर सासऱ्यांचा चेहरा असा खुलला, की मी चहाचं आधण ठेवूनच टाकलं. आठवडाभरात दोघांची नाडी ठिकाणावर आली. हा सगळा चहा सोडल्याचा गुण, असं सासऱ्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं. पुढे कोंकणीला राजभाषा करणारा आणि मराठीलाही जागा ठेवणारा कायदा झाला, गोवा राज्य झालं, तेव्हा आपलीच बाजू जिंकली म्हणून दोघांनीही पेढे वाटले.

त्यानंतर काही वर्षांनी मास्तरांच्या मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळीसुद्धा मास्तर येऊन मोजून गेले. गाडी वळणाआड गेल्यावर सासरे आत येऊन पुन्हा अंथरुणावर आडवे झाले आणि त्यांनी हात माझ्यापुढे केला. बोटांखाली नाडी नुसती धावत होती.

"सत्तर," मी म्हटलं.

"मास्तर बरोबर मेजताले," डोळे मिटूनच ते म्हणाले.

हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही. मीही सोडला नाही.