आत्याचं नाक

माझ्या आत्याच्या लॉन्ड्रीत शर्ट टाकला, की धुण्याआधी ती तो हुंगायची आणि तुम्ही काल कुठे होतात ते चारचौघांत सांगायची. या सवयीपायी दोन संसार मोडता मोडता राहिले. पण कुणाच्या घरी सिलिंडर गळत असला, तर तीच हातातली इस्त्री टाकून धावायची. एकदा तिच्यामुळे समोरची अख्खी इमारत वाचली. तेव्हापासून तिच्या नाकापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

लॉन्ड्रीच्या मागे तिची विहीर होती. त्याच पाण्यात कपडे धुतले जात आणि अर्धी गल्ली प्यायलाही तेच नेई.

मग टेकडीपलीकडे गॅसची कंपनी आली. जमिनीत खोल भोक पाडायचं, रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबानं आत सोडायचं, खडक तडकवायचा आणि गॅस वर काढायचा, असं ते काम. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. गल्लीतले शिंपीकाका म्हणाले, "काम सुरू व्हायच्या आधी विहिरीचं पाणी तपासून ठेवू या. उद्या काही झालं, तर दाखवायला हातात काहीतरी हवं."

कंपनीचा साहेब कपाळ पुसायला लागला. तेवढ्यात आत्या उठली. "तपासणी कशाला? मी मेलेय का? पाण्यात गॅस शिरला, तर तुमच्या यंत्राच्या आधी मला कळेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात साहेबानं. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं. तपासणी राहिली ती राहिलीच.

काम सुरू झाल्यावर काही महिन्यांनी भिजत घातलेल्या चादरींखालून बुडबुडे यायला लागले. "साबण असेल," आत्या म्हणाली. साबण अजून घातलाच नव्हता. विहिरीवरच्या पंपानं नळाला येणारं पाणी आधी दुधाळ दिसायचं, मग निवळायचं. आत्या वाकून हुंगायची आणि म्हणायची, "काही नाही, स्वच्छ आहे."

एका दुपारी तिनं मोरीत शेगडी पेटवली आणि नळ सोडला. नळाच्या तोंडाशी भप्पकन जाळ उठला. मी धावत जाऊन पंप बंद केला. आत्याच्या भुवया जळाल्या होत्या. "वास नव्हता रे," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "जरासुद्धा नव्हता."

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी समजावलं. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घालतात, गळती कळावी म्हणून. जमिनीतून असा वर येणाऱ्या गॅसला बहुधा वास नसतोच.

आम्ही कंपनीत गेलो. साहेब गोड बोलला. "गॅस तुमच्या विहिरीत आधीपासूनच असेल. जुनी तपासणी आहे का?"

"आधी नव्हता! मी सांगते ना," आत्या म्हणाली.

"कशावरून, बाई? तुम्हाला तर त्याचा वासच येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यानं मात्र मान खाली घातली. घरी येऊन तिनं पंपाला कुलूप लावलं आणि लॉन्ड्री बंद केली.

संध्याकाळी दारात बादल्यांची रांग लागली. सगळ्यांत पुढे शिंपीकाकू होत्या. त्यांच्या बादलीत सकाळचं पाणी उरलं होतं.

"अगं, एकदा झाला असेल जाळ," त्या म्हणाल्या आणि बादली पुढे केली. "यंत्रंबिंत्रं राहू दे. तू हुंगून सांग, म्हणजे आम्ही निर्धास्त."

आत्यानं दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं आणि ती हमसून रडायला लागली.